दाखल नोंदवही पुन्हा उघडली तेव्हा

"पैसे मोजून घ्यायचं की फुकटातलं?" मी टेकतो न टेकतो तोच ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी विचारलं. लहान संस्थांना सॉफ्टवेअर निवडायला मदत करणं हे माझं काम, आणि तालुक्याच्या गावी हाच प्रश्न पहिला येतो. किमतींचा तक्ता माझ्या बॅगेत तयार होता. तो काढण्याआधी मी ग्रंथपालबाईंना म्हटलं, "सध्याच्या प्रोग्राममधून पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये काढता?"

यादी निघाली. दाखल क्रमांक ठीक, किमती ठीक. पुस्तकांच्या नि लेखकांच्या नावांच्या जागी मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला.

"बारा वर्षं मी हे टाइप करतेय हो, सर," बाई एवढंच म्हणाल्या.

देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतांच्या प्रमाणात, १९९१ पासून आहे. तरी विकत घेतलेल्या त्या प्रोग्रामनं सगळा मजकूर स्वतःच्या फॉन्टच्या संकेतांत साठवला होता. त्या फॉन्टबाहेर तो मराठी नव्हताच. फॉन्टच्या संकेतांचा तक्ता मागायला कंपनीला फोन केला. "तो देता येत नाही," असं उत्तर आलं. मला खरोखर संताप आला. पुस्तकं ग्रंथालयाची, कष्ट बाईंचे, आणि किल्ली तिसऱ्याकडे!

किमतींचा तक्ता बॅगेतच राहिला. मी कोहा सुचवलं, ग्रंथालयांसाठीचं परवान्याचे पैसे न घेणारं मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा पेलणार नव्हती, म्हणून ते लिहून घेतलं गेलं आणि जानेवारी २०००मध्ये सुरू झालं. मजकूर युनिकोडमध्ये, नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या सर्वमान्य साच्यात. उद्या कोहा सोडलं तरी त्या सोबत येतात. माझ्या लेखी परवान्याच्या किमतीपेक्षा हे मोठं. पण कोहा घेण्याच्या ठरावातला 'मोफत' शब्द मी खोडायला लावला. सर्व्हर, बॅकअप आणि लिनक्स जाणणारा माणूस यांना दरवर्षी पैसे लागतातच. हिशेबाचं टॅली तसंच ठेवा म्हटलं. हिशेबनिसांचा हात त्यावर बसलाय, लेखापरीक्षकांनाही तेच लागतं.

दुपारभर छापील दाखल नोंदवही शेजारी ठेवून संकेत जुळवले. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. पहिल्या शंभर नोंदी बदलून पडद्यावर आणल्या. बाईंनी चष्मा सावरला आणि चौथ्याच ओळीवर बोट ठेवलं.

"सर, 'सूर्य'चा रफार सुटलाय."




मी पुन्हा कोडकडे वळलो. बाईंनी नोंदवहीचं पुढचं पान उलटलं.