छज्ज्यावरची घरपट्टी

नगरपरिषदेची चार वर्षांनी होणारी घरपट्टीची फेरआकारणी आली की माझ्या ऑफिसात नकाशे कमी आणि हरकतींचे अर्ज जास्त लिहिले जातात. मी तालुक्याच्या गावातला सिव्हिल इंजिनिअर. यंदा मोजणीचं काम खासगी एजन्सीकडे होतं. त्यांनी ड्रोन उडवला, वरून फोटो घेतले आणि गावभर नोटिसा वाटल्या.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका नोटीस घेऊन आले. घरपट्टी अडीचपट झाली होती. "साहेब, घर जागचं हललं नाही. मग हे वाढलं कुठून?"

त्यांच्या घराचा नकाशा माझाच होता. ३० बाय २४ फूट, म्हणजे साधारण ६७ चौरस मीटर. नोटिशीत होते ८८. घराला चारही बाजूंनी दोन फुटांचा छज्जा आहे. ड्रोनला वरून स्लॅबची कड दिसते, भिंत दिसत नाही; त्यामुळे घर ३४ बाय २८ झालं होतं. मागची सरपणाची पत्र्याची खोली आरसीसीत धरलेली. आणि पुढच्या खोलीत सूनबाईंचं शिलाई मशीन दिसलं म्हणून त्या खोलीचा वापर 'व्यावसायिक'. त्याने भाडेमूल्याचा (ज्या अंदाजी भाड्यावर घरपट्टी ठरते त्याचा) दर चढला, शिक्षण कर चढला आणि राहत्या घराला न लागणारा रोजगार हमी करही बसला.

मी म्हटलं, "काका, फेरमोजणी मागू. पण गच्चीवरची खोली अजून नोंदीत नाही. टेप घेऊन माणसं आली की तीही मोजली जाणार."

"मोजू द्या की! बिनतिकीट आपण कुणाला बसू दिलं नाही, आता स्वतः कशाला बसू?"

खोलीची परवानगी रीतसर काढलेली होती म्हणून मीही निर्धास्त. नसती, तर शास्तीचं, म्हणजे दंडाचं, वेगळंच लचांड मागे लागलं असतं.

आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी लागते. ती दिली. सुनावणीला सभागृह भरलेलं. आमच्या आधीचे गृहस्थ तावातावाने बोलत होते: गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही, कर कसला मागता? लोकांनी माना डोलावल्या. मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आकारणी कायम केली. बिचाऱ्याचं म्हणणं खरं होतं, पण त्या टेबलावर गटाराचा निकाल लागत नाही. तिथे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वापर आणि दर, एवढंच चालतं. हे सांगून मी थकलो, तरी लोक भाषणच तयार करून येतात.

काकांनी भाषण केलं नाही. मंजूर नकाशा, घराचे चारही बाजूंचे फोटो आणि विजेचं बिल पुढे ठेवलं. साहेबांनी विचारलं, "शिवणकामाचं दुकान आहे?"

"दुकान नाही, साहेब. पाटी नाही, शटर नाही. शेजारणींचे ब्लाउज शिवते. रात्री त्याच खोलीत नातवंडं झोपतात."

साहेबांनी विजेचं बिल उलटंपालटं करून पाहिलं. मीटर घरगुती. "जागेवर जाऊन मोजा," एवढंच म्हणाले.

कर विभागाचा लिपिक आणि शिपाई टेप घेऊन आले. भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर ३० आणि २४ फूट भरले. सरपणाच्या खोलीच्या पत्र्यावर शिपायाने बोटाने ठण्ठण वाजवून दाखवलं. लिपिक निघायच्या बेतात होता, तेवढ्यात काकाच म्हणाले, "वर चला, अजून एक खोली राहिलीय." लिपिकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही डाव टाकतोय.

आदेशात छज्जा वगळला, पत्रा पत्राच राहिला, वापर निवासी झाला आणि वरची खोली चढली. आकडा जुन्या घरपट्टीपेक्षा जास्त, पण नोटिशीच्या निम्म्याहून थोडाच वर. आदेशाची प्रत मी हट्टाने मागून घेतली, कारण आदेश झाला तरी रजिस्टरातली नोंद बदललेली असेलच असं नसतं.

हे कळल्यावर शेजारच्या घरातले माझ्याकडे धावत आले. त्यांची हरकतीची मुदत टळून गेली होती. मी म्हटलं, आता पुढची वाट अवघड. ते ऐकून ते गप्पच झाले.

काकांचं बिल मात्र बरोबर आलं. नावातली वेलांटी तेवढी चुकली होती. तिचा अर्ज वेगळा.