मेनफ्रेममधून जावामध्ये: स्ट्रीम बदलून घ्यायचा माझा अनुभव

प्लेसमेंटचा सीझन आला की कॉलेजचे ज्युनिअर्स मेसेज करतात, ताई कुठली लँग्वेज शिकू, पायथन की जावा? मी आधी उलट विचारते, कंपनी कुठल्या टाइपची आहे? कारण मोठ्या सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या कंपनीत, लागलात तर लँग्वेज तुमच्या गळ्यात मारतात, आणि एकदा मारली की ती बदलून घेताना मला जो मनस्ताप झाला त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

मी सांगलीची, मेकॅनिकलवाली. कॉलेजात सी शिकवलं ते टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या स्क्रीनवर, प्रोग्रॅम पाठ करायचा आणि व्हायव्हा द्यायचा. शेवटच्या वर्षी आयटीत जायचं ठरवलं तेव्हा कुणाला विचारत न बसता नोकरीच्या साइटवर पुण्याच्या शून्य ते दोन वर्षं अनुभवाच्या जाहिराती उघडल्या आणि काय मागतायत ते वहीत उतरवत गेले. जावा आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची लँग्वेज) सारखं सारखं दिसत होतं. पायथनही होतं पण तिथे बऱ्याच ठिकाणी मशीन लर्निंगचा अनुभव मागत होते, तो फ्रेशर आणणार कुठून. मग जावा पकडलं आणि सोडलं नाही. कलेक्शन्स, एक्सेप्शन्स, डेटाबेसला जोडणारं जेडीबीसी, नंतर थोडं स्प्रिंग बूट, म्हणजे जावात वेबचं काम करायचं फ्रेमवर्क. आमच्या गावातल्या लायब्ररीचं पुस्तकं देण्याघेण्याचं एक छोटं अ‍ॅप्लिकेशन बनवून गिटहबवर, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर, टाकलं. हे गिटहबचं लक्षात ठेवा, पुढे तेच कामाला आलं.

सिलेक्शन, जॉइनिंग, कागदपत्रं सगळं नीट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ट्रेनिंगच्या सुरुवातीला स्ट्रीमची, म्हणजे कुणी कुठलं तंत्रज्ञान शिकायचं त्याची, यादी लागली आणि माझ्या नावापुढे मेनफ्रेम. मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या ठिकाणी चालणारे मोठे कॉम्प्युटर. त्यावरची लँग्वेज कोबोल, जॉब चालवायला जेसीएल, डेटाबेस डीबी२ आणि ऑनलाइन व्यवहारांना सीआयसीएस. निकष काय, कुणालाच माहीत नाही. कॉम्प्युटरवाल्या कितीतरी जणांना टेस्टिंग आणि माझ्या शेजारच्या सिव्हिलवाल्याला जावा, ज्याने जावा कधी उघडलंही नव्हतं. तो बिचारा माझ्याकडे शिकायला बसायचा.

कोबोल वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९५९ सालची लँग्वेज आहे आणि बँका, इन्शुरन्स कंपन्या आजही तिच्यावर चालतात, जाणकार माणसं कमी आहेत म्हणून अनुभवी लोकांना मान पण आहे. मी मन लावून शिकले. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, सातव्या कॉलममध्ये स्टार दिला तर कॉमेंट, बाराव्या कॉलमच्या आधी स्टेटमेंट सुरू केलं तर कंपायलर बोंब मारणार. नंबरच्या फील्डमध्ये स्पेस राहिली आणि तिच्यावर गणित केलं की जॉब, म्हणजे चालवायला दिलेला प्रोग्रॅम, एस झिरो सी सेव्हन हा एरर कोड देऊन आडवा. हे सगळं जमत होतं. पण मला काम करायचं होतं वेब अ‍ॅप्लिकेशन्सच्या बॅकएंडवर, म्हणजे स्क्रीनच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागावर, त्याची तयारी मी वर्षभर आधीपासून करत होते, आणि मेनफ्रेममध्ये दोन-तीन वर्षं गेली की बाहेरच्या जावाच्या इंटरव्ह्यूत तुम्हाला पुन्हा फ्रेशर धरतात. म्हणून सुरुवातीलाच बदलून घ्यायचं होतं.

आता खरा त्रास. ट्रेनिंग संपलं, बेंचवर आले, म्हणजे नोकरी आहे पण प्रोजेक्ट नाही, आणि इंटर्नल पोर्टलवर माझ्या प्रोफाइलमध्ये प्रायमरी स्किल: मेनफ्रेम, पुढे कुलूप. एडिट होत नाही. प्रोजेक्टला माणसं देणारी टीम म्हणजे आरएमजी, तिथल्या मॅडमना मेल केला तर उत्तर आलं, तिकीट टाक. तिकीट टाकलं. मॅनेजरचं अप्रूव्हल जोडा असं म्हणून तिकीट बंद. बेंचवरच्या माणसाला मॅनेजर कुठला? सिस्टिममध्ये माझ्या मॅनेजरच्या जागी ट्रेनिंग हेडचं नाव होतं, त्यांना गाठलं तर म्हणाले ट्रेनिंग संपलं, आता तू माझ्याकडे नाहीस, एचआरला विचार. एचआर म्हणाली स्किलचं सगळं आरएमजी बघते. परत आरएमजी. परत तिकीट. आणि प्रत्येक वेळी तिकीट बंद होताना स्टेटस काय तर 'रिझॉल्व्ह्ड', आणि वर समाधान किती झालं ते स्टार देऊन सांगा असा मेल! डोकं फिरायचं. काहीच सुटलेलं नसताना यांच्या रिपोर्टमध्ये मात्र सगळं वेळेत सुटलेलं दिसतं, आणि तो रिपोर्ट वर कुणीतरी बघून खूश होत असणार याची मला आजही चीड येते.

शेवटी त्या मॅडमच्या डेस्कवरच गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अगं, बिझनेस रिक्वायरमेंट आहे, सगळ्यांना जावाच पाहिजे असतं." मी म्हटलं, "मॅडम, मला येतं, माझा कोड बघा ना, मी टेस्ट द्यायला पण तयार आहे." तर म्हणाल्या, "तशी प्रोसेस नाहीये." म्हणजे येतंय की नाही हे तपासायची प्रोसेसच नाही! ज्याला येतं त्याची परीक्षा घ्यायची सोय नाही आणि ज्याला येत नाही त्याला यादीत टाकायची सोय आहे. त्या दिवशी हिंजवडीतून घरी जाताना बसमध्ये मी रडले, खरंच सांगते, कारण तिकडे घरी आई रोज विचारायची प्रोजेक्ट मिळालं का आणि बेंचवर फार दिवस राहिलेल्यांना काढतात ही कुजबुज कँटीनमध्ये चालूच होती.

मार्ग निघाला तो असा. प्रायमरी स्किलला कुलूप होतं पण सेकंडरी स्किलला नव्हतं, ते आपलं आपण भरता येत होतं. बहुतेक फ्रेशर्स ते रिकामं सोडतात. मी तिथे जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएल भरलं, रिझ्युमेच्या जागी नवीन रिझ्युमे चढवला, त्यात गिटहबची लिंक. आणि आरएमजीच्या मागे लागणं सोडून इंटर्नल ओपनिंग्जच्या पानावर रोज सकाळी नजर ठेवली, जिथे प्रोजेक्ट लीडचं नाव दिसतं. एका लीडना सरळ मेल केला, चार ओळींचा: मी बेंचवर आहे, उद्यापासून येऊ शकते, हे मी बनवलंय, अर्धा तास द्या. त्यांनी दिला.

इंटरव्ह्यूत त्यांनी कागदावर दोन इंटीजर ऑब्जेक्ट लिहिले, दोन्हींत १२७, आणि विचारलं डबल इक्वल टूने (==) तुलना केली तर काय येईल. ट्रू. मग १२८ केलं. फॉल्स, कारण जावा उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटीजर कॅशमध्ये, म्हणजे आधीच बनवलेल्या साठ्यात, तयार ठेवतं, त्याच्या पुढे नवीन ऑब्जेक्ट बनतो, आणि डबल इक्वल टू ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं, किंमत बघायला इक्वल्स वापरायचं. मग इक्वल्स ओव्हरराइड केलं, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलं, पण हॅशकोड नाही केलं तर हॅशमॅपमध्ये (जो हॅशकोडवरूनच वस्तू ठेवतो आणि शोधतो) काय होईल? मी म्हटलं, टाकलेली वस्तू सापडणारच नाही अशी वेळ येईल. हे मला येत होतं कारण लायब्ररीच्या अ‍ॅपमध्ये नेमकं तेच घडलेलं, पुस्तक मॅपमध्ये असून मिळत नव्हतं. शेवटी दुसऱ्या नंबरच्या पगाराची एसक्यूएल क्वेरी. ती तर डीबी२ वर घोटून घोटून केलेली.

लीडनी रिक्वेस्ट टाकली आणि ज्या आरएमजीकडे प्रोसेस नव्हती त्यांनीच दुसऱ्या दिवशी अलोकेशन केलं, म्हणजे मला त्या प्रोजेक्टवर टाकलं. प्रायमरी स्किलचं कुलूप पण उघडलं. मला अभिमान आहे याचा, आणि का नसावा.

तर ज्युनिअर्सना माझं म्हणणं. एसक्यूएल आधी शिका. मेनफ्रेम असो, जावा असो, डेटाचं काम असो, ते सगळीकडे तुमच्यासोबत येतं, मेनफ्रेमच्या ट्रेनिंगमधली माझी हीच एक गोष्ट पहिल्या दिवसापासून वापरात आली. त्याच्या जोडीला एकच लँग्वेज, खोल. स्क्रीनवर दिसणारं काम आवडत असेल तर जावास्क्रिप्टला पर्याय नाही, त्यावरून टाइपस्क्रिप्ट. अँड्रॉइड करायचं असेल तर कोटलिन, गुगलने २०१७ मध्ये त्याला अधिकृत सपोर्ट दिला. डेटाकडे ओढ असेल तर पायथन, पण मग थोडं स्टॅटिस्टिक्सही करा. रिझ्युमेवर सात लँग्वेज लिहिणाऱ्यांना त्यातली सर्वात कच्ची लँग्वेजच विचारतात, मी आता स्वतः इंटरव्ह्यू घेते, म्हणून सांगते.

जावा करणार असाल तर १७ किंवा २१ या व्हर्जनवर शिका पण २०१४ च्या जावा ८ मधले लॅम्डा आणि स्ट्रीम्स (हे जावातले, ट्रेनिंगच्या स्ट्रीमशी संबंध नाही) पक्के करा, जुन्या प्रोजेक्टमध्ये तेच भेटतं.

आणि स्ट्रीम लागायच्या आधी, ट्रेनिंग सुरू होताच, तुमची पसंती आणि कोडची लिंक लेखी मेलने पाठवून ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही. मेलची उत्तरं आणि तिकीट नंबर पण जपून ठेवा, मी त्या लीडना तेच दाखवलं तेव्हा त्यांनी प्रकरण पुढे रेटलं.

मेनफ्रेमच मिळालं आणि आवडलं तर खुशाल राहा, लॅपटॉपवर सरावाला जीएनयू कोबोल फुकट मिळतं.

हां, कॅम्पसच्या ऑनलाइन टेस्टचं राहिलंच. जावात इनपुट वाचणाऱ्या स्कॅनरने नेक्स्टइंटने आकडा वाचून लगेच नेक्स्टलाइनने ओळ घेतली तर रिकामी ओळ येते, कारण मागचा एंटर तिथेच पडून असतो, मध्ये एक नेक्स्टलाइन जास्तीची टाका. आणि बेरीज मोठी होणार असेल तर लाँग हा मोठे आकडे मावणारा प्रकार घ्या, इंट २१४ कोटींच्या थोडा वर गेला की एरर न देता निगेटिव्ह होतो आणि शेवटच्या टेस्ट केसेस का फेल होतायत ते कळतच नाही.