ऐनावरचे टसर कोष: फांदी तोडण्याआधी बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात ऐनाची पानं झडली की उघड्या फांद्यांना लहान अंड्याएवढे पिवळट किंवा राखी कोष लटकलेले दिसतात. हे टसर रेशीम देणाऱ्या रानटी पतंगाचे, शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. ऐन नसेल तिथं नदीकाठचा अर्जुन, बोर किंवा जांभूळही त्याला चालतं. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडं या कोषांवर घरं चालतात. आपल्याकडं रेशीम म्हणजे तुती एवढंच डोक्यात असल्यामुळं सरपणाच्या नाहीतर भाजावळीच्या फांद्यांबरोबर ते जळून जातात, आणि आतला जीव जिवंत असतो. याचं फार वाईट वाटतं, कारण वाचवायला काहीच खर्च नाही.

कोष जवळून बघण्यासारखा असतो. अळी आधी फांदीभोवती रेशमाचं घट्ट कडं घालते, त्याला जोडून ताठ देठ विणते आणि मग त्याच्या खाली स्वतःला कोंडून घेते. पान गळालं तरी कोष पडत नाही तो या कड्यामुळंच. भिंतीत कॅल्शियम ऑक्झलेट असल्यानं कोष बोटानं दाबला तरी सहसा चेपत नाही.

देठाकडच्या टोकाला धागे विसकटून भोक पडलं असेल तर पतंग निघून गेलाय. कडेला बारीक गोल भोक असेल तर उझी या परजीवी माशीची अळी आतला कोषित (कोषातला, पतंग व्हायच्या आधीचा जीव) खाऊन बाहेर पडलीय. भोक नाही आणि हाताला जड लागतो, तो जिवंत. कानाशी एकदाच हलक्या हातानं हलवा: जिवंत कोषित दडदडतो, मेलेला वाळून खुळखुळतो. पुन्हा पुन्हा हलवू नका.

शक्यतो ती फांदीच सोडा. तोडावीच लागली तर कडं ओढून काढू नका, वीतभर काटकीसकट कापा. देठ वर ठेवून दोऱ्यानं पडवीत टांगा, दोन कोषांत तीन-चार बोटं अंतर राहू द्या. भोवती जाळी हवी, नाहीतर उंदीर आणि पाली सोडत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. पत्र्याखालच्या उन्हात आणि चुलीच्या धुरात कोषित मरतो. एप्रिल-मेमध्ये जमिनीवर पाणी शिंपडा, कोषावर नको. उष्मा वाढून मध्येच वळीव पडला की काही पतंग वेळेआधी बाहेर येतात. नर एका आठवड्यात, मादी दुसऱ्या, अशी चुकामूक झाली तर अंडी फुकट जातात. म्हणून गारवा महत्त्वाचा.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून मात्र कोष काय, काटकीही उचलू नये.

पावसाळा लागला की पतंग बहुधा संध्याकाळी-रात्री बाहेर येतो. तोंडातून पाझरलेल्या रसानं देठाकडची बाजू मऊ करतो आणि धागे बाजूला सारून निघतो. त्या वेळी कोष कापून मदत करायला जाऊ नका. बाहेर आल्यावर त्याला लटकायला खरबरीत काटकी लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि तो कधीच उडत नाही.

प्रौढ पतंगाला खाता येत नाही, तोंडाचे अवयव निकामी असतात. साखरपाणी ठेवण्यात अर्थ नाही, आयुष्य आठवडाभराचं. पिसासारख्या रुंद मिशा दिसल्या तर तो नर, त्याला त्याच रात्री सोडा. अरुंद मिशा आणि जाड पोट म्हणजे मादी. तिला जाळीच्या टोपलीत घालून अंधार पडल्यावर ऐनाच्या फांदीला टांगा. रानातला नर जाळीपर्यंत वासानं येतो, मग दोघांना सोडून द्या. पहिल्या तीन रात्रींत बहुतेक अंडी घातली जातात.

अंडी टोपलीतच राहिली तर आठ-दहा दिवसांत फुटतात, काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या निघतात. त्या घरात खोक्यात वाढवायचा हट्ट नको. पानं सुकतात, विष्ठेनं रोग पसरतो आणि एकीमागून एक मरतात. अंड्यांचा तुकडा पानाच्या द्रोणात ठेवून कोवळ्या ऐनाला बांधा. त्याआधी त्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या नाहीत ना, हे बघून घ्या.