मागील पीक ‘पडीक’? आच्छादन पिकानंतरच्या मक्याचा माझा अनुभव

माती परीक्षणाच्या अर्जावर ‘मागील पीक’ असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं होतं : ‘ताग, फुलोऱ्यात गाडला’. खिडकीतल्या माणसाने माझ्यासमोर त्यावर रेघ मारली आणि शेजारी ‘पडीक’ लिहिलं. म्हणाला, “ताई, जे कापून घरी नेलं नाही ते पीक धरत नाहीत.” दुसऱ्या अर्जावर ‘ज्वारी, हिरवळीसाठी’ होतं. तेही पडीक झालं. ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, कारण माझा सगळा प्रश्नच त्या रकान्यात होता.

प्रश्न साधा होता. एका रानाचे दोन भाग केले होते. एकात ताग, दुसऱ्यात चाऱ्याची ज्वारी, दोन्ही फक्त जमिनीसाठी, म्हणजे आच्छादन पिकं. दोन्हीवर नंतर मका. मला जाणून घ्यायचं होतं की मक्याला या दोघांकडून किती नत्र (नायट्रोजन) मिळणार आणि वरखत, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचं खत, किती द्यायचं.

पेरणी, उगवण यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं. ताग अठ्ठेचाळीस दिवसांचा असताना फुलोऱ्यावर आला. गाडण्याआधी चार-पाच झाडं खुरप्याने मुळासकट अलगद काढली (ओढून काढू नका, मुळांवरच्या गाठी जमिनीतच राहतात). नखाने गाठ फोडली की आतून मांसासारखी लालसर दिसली. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठीतल्या लाल प्रथिनाचा. गाठ लाल असेल तर आतले जीवाणू हवेतला नत्र बांधतायत, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. हे बघायला दहा मिनिटं लागतात, कोणी काही सांगो, ते स्वतः बघावं.

ज्वारीचं मात्र चुकलं. ती निसवायच्या (कणीस बाहेर पडायच्या) आत तोडायची ठरली होती. लागोपाठ पाऊस लागला, रानात वाफसाच येईना, आणि तोडणी झाली तेव्हा कणसात दूध भरलं होतं. धाटं हाताने मोडता येत नव्हती. रोटाव्हेटरने बारीक केली तरी मातीत काड्यांसारखी दिसत होती. वर बारा दिवसांत मका पेरला.

मका चार पानांवर आला आणि फरक बांधावरून दिसायला लागला. तागाच्या भागात गडद हिरवा, ज्वारीच्या भागात फिकट पोपटी. पाचव्या-सहाव्या पानाला खालची पानं टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी होत आत सरकू लागली, उलट्या ‘व्ही’सारखी. ही नत्राच्या कमतरतेची खूण. (गंधकाची कमतरता असेल तर आधी वरची कोवळी पानं फिकटतात, म्हणून पिवळं दिसलं की आधी वर की खाली ते बघा.) सासरे म्हणाले, “युरिया टाक आणि मोकळी हो.” मी म्हटलं, मोजून टाकते. तिथून पुढचे दिवस कसे गेले ते माझं मलाच माहीत.

पेरणीच्या वेळीच मी दोन्ही भागांचे नमुने दिले होते, ते ‘पडीक’वाले. त्यांचा अहवाल आला तेव्हा मका गुडघ्याच्या खाली होता. बांधावर उभा राहिलेला कोणीही माणूस सांगेल की दोन भाग वेगळे आहेत, पण अहवालात दोन्हींचा ‘उपलब्ध नत्र’ जवळपास सारखा, दोन्ही ‘कमी’, आणि खाली खताची शिफारस शब्दशः एकच. मी पुन्हा जाऊन विचारलं, नत्र कसा मोजला? उत्तर मिळालं की सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) मोजतात आणि त्यावरून नत्राचा अंदाज काढतात. वर्षानुवर्षांच्या जमिनीचा कस सांगायला ते ठीक आहे. पण महिन्याभरापूर्वी गाडलेल्या पिकाने आत्ता मुळाशी किती नायट्रेट (मुळांना उचलता येणारं नत्राचं रूप) ठेवलंय, हे कर्बाच्या आकड्यातून दिसणारच नाही. दोन्ही भागांची माती एकच, कर्बही एकच. फरक होता तो त्या कर्बासोबत नत्र मोकळा होता की अडकलेला, यात.

अडकतो कसा? मातीतल्या जीवाणूंच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असतो. त्यांच्या खाण्यात साधारण चोवीस भाग कर्बाला एक भाग नत्र असेल तर त्यांचं भागतं. काडात नत्र त्याहून जास्त असेल तर उरलेला मातीत सुटतो. कमी असेल तर ते तूट मातीतल्या नायट्रेटमधून भरून काढतात, म्हणजे मक्याच्या ताटातलं उचलतात. फुलोऱ्यातला कोवळा ताग त्या हद्दीच्या आसपास असतो, त्याच्या पानांत तर एका भाग नत्राला कर्ब त्याहून बराच कमी. पक्व गवतवर्गीय काडात मात्र एका भाग नत्राला पन्नास, साठ, ऐंशी भागांपर्यंत कर्ब असतो. मी नेमकं तेच पेरणीआधी बारा दिवस मातीत मिसळलं होतं. तो नत्र नाहीसा होत नाही, जीवाणू मेले की पुन्हा सुटतो, पण तोवर मक्याची वेळ निघून जाते.

मला हवी होती वरखतापूर्वीची नायट्रेट चाचणी. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये फ्रेड मॅग्डॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मक्यासाठी १९८४ मध्ये मांडली. मका साधारण ३० सेंटिमीटर उंच झाला की वरच्या ३० सेंटिमीटर मातीतला नायट्रेट-नत्र मोजायचा. २५ पीपीएम (दहा लाख भाग मातीत २५ भाग) किंवा जास्त असेल तर वरखताची गरज सहसा नसते, बराच कमी असेल तर असते. वेळ अशी निवडण्याचं कारण म्हणजे सहा पानांपर्यंत मका त्याच्या एकूण नत्राच्या दहा टक्केही उचलत नाही. खरी उचल त्यानंतर तुरा येईपर्यंत. म्हणजे नमुना, अहवाल आणि खत हे सगळं दोन आठवड्यांच्या फटीत बसवायचं.

पहिल्या ठिकाणी नायट्रेट होत नाही म्हणाले. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने फोनवर होतं म्हणून सांगितलं. प्रत्येक भागातून अठरा ठिकाणी गिरमिटाने ३० सेंटिमीटरपर्यंत माती घेतली, पेरणीच्या खताची पट्टी टाळून, दोन ओळींच्या मधून. घमेल्यात मिसळून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणली. नमुना सावलीत सावकाश वाळवा असं सगळीकडे सांगतात, पण नायट्रेटसाठी ते घातक आहे. ओलसर, उबदार मातीत जीवाणू काम करतच राहतात आणि आकडा फुगतो. मी माती कागदावर बोटभरापेक्षा पातळ पसरली आणि रात्रभर पंख्याखाली ठेवली. ते जमत नसेल तर बर्फात थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

पाचव्या दिवशी अहवाल आला. तागाचा भाग : नायट्रेट ९७ पीपीएम. ज्वारीचा भाग : नायट्रेट ३१ पीपीएम.

माझ्या डोक्यात २५ ची हद्द. ३१ म्हणजे पुरेसा! आणि समोर पिवळा मका. क्षणभर वाटलं, मग हे गंधकाचंच असेल, नत्र टाकायचाच नाही. पण तागाचा ९७ हा आकडा मला पटेना. तीस सेंटिमीटर खोलीत एक पीपीएम म्हणजे हेक्टरी साधारण चार किलो, म्हणजे ९७ ला जवळपास चारशे किलो. एका तागाने इतका नत्र दिला असेल हे शक्यच नव्हतं. मग लक्षात आलं की अहवालात ‘नायट्रेट’ लिहिलंय, ‘नायट्रेट-नत्र’ नाही. नायट्रेटचं वजन ६२, त्यातल्या नत्राचं १४. अख्खं नायट्रेट मोजलं असेल तर आकडा ४.४३ ने भागायचा.

हे एवढंच विचारायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी फोन उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी ज्यांनी उचलला त्यांना मी दोनदा समजावून सांगितलं, ते म्हणाले, “मॅडम, अहवालात लिहिलंय तेच.” तिसऱ्या दिवशी “साहेब जेवायला गेलेत”, मग “मीटिंगमध्ये आहेत”, मग फोन बंद. त्या तीन दिवसांत मक्याला एक नवं पान आलं. संध्याकाळी तपासणी करणारी मुलगी स्वतः फोनवर आली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाली, “हो ताई, नायट्रेट म्हणूनच दिलंय, भागून घ्या.” मी तिथेच वहीवर भागाकार केला. ताग २२, ज्वारी ७. तिच्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पण अहवालावर दोन अक्षरं जास्त छापली असती तर हा फोन करावाच लागला नसता, आणि माझ्यासारखीच कोणी दुसरी बाई ३१ वाचून युरियाची गोणी बंद ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीच्या भागात पूर्ण वरखत दिलं, ओळीच्या बाजूने मातीत गाडून. उघड्यावर टाकलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. तागाच्या भागात हेक्टरी फक्त तीस किलो नत्र. दहा दिवसांत ज्वारीचा भाग हिरवा झाला, तरी कणसांची टोकं काही ठिकाणी रिकामी राहिली. तागाच्या भागात कणसं टोकापर्यंत भरली.

एक राहिलंच. प्रयोगशाळेवर अवलंबून राहायचं नसेल तर पेरणीनंतर लगेच प्रत्येक भागात चार ओळींची एक पट्टी भरपूर नत्र देऊन ठेवा. बाकीचा मका त्या पट्टीपेक्षा फिकट दिसायला लागला की समजा, कमतरता आहे. ही पट्टी माझ्याकडे असती तर मी तीन दिवस फोनकडे बघत बसले नसते. गवतवर्गीय आच्छादन मक्याआधी असेल तर ते निसवायच्या आत तोडा, पेरणीआधी दोन-तीन आठवडे सोडा, आणि पेरणीच्याच वेळी बियाच्या बाजूला थोडा नत्र द्या. याचा अर्थ ज्वारी वाईट असा नाही. मुसळधार पावसात जे नायट्रेट पाझरून खाली गेलं असतं ते तिनेच मुळांत धरून ठेवलं. तागाला ते इतकं जमत नाही. म्हणून या वेळी दोन्ही एकत्र पेरलंय, ताग जास्त, ज्वारी कमी, आणि तोडणीची तारीख तागाच्या पहिल्या फुलावर ठेवलीय.

नमुन्याच्या अर्जाला मी आता वेगळा कागद टाचते. त्यावर काय पेरलं, किती दिवसांनी आणि कोणत्या अवस्थेत गाडलं ते लिहिते, आणि खाली ठळक अक्षरात : ‘निकाल नायट्रेट-नत्र म्हणून द्यावा’.