उसनवारीच्या नोंदीचा स्प्रिंट: काहीही न बनवता काय कळलं

या फेरीला घेतलेली कल्पना साधी आहे. आपण हत्यारं, पुस्तकं, शिडी, तंबू लोकांना वापरायला देतो आणि कोणाकडे काय गेलं ते विसरतो. वस्तूवर क्यूआर कोडचं स्टिकर लावायचं, नेणाऱ्याने ते स्कॅन करायचं, की नोंद झाली. कल्पना आमच्या गटातल्या एकाची. बाकीच्यांनी ती लगेच उचलून धरली, कारण प्रत्येकाची एखादी तरी वस्तू कोणाकडे ना कोणाकडे अडकलेली आहेच.

डिझाइन स्प्रिंट, म्हणजे कल्पना खरोखर बनवण्याआधी ती पाच दिवसांत लोकांसमोर तपासून पाहण्याची पद्धत, आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, तरी नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जेक नॅप यांनी २०१०मध्ये गूगलमध्ये ही पद्धत सुरू केली आणि २०१२पासून गूगल व्हेंचर्स या गूगलच्या गुंतवणूक शाखेत नव्या कंपन्यांबरोबर ती घासूनपुसून पक्की झाली. सोमवारी प्रश्न आणि नकाशा, मंगळवारी स्केच, बुधवारी निवड आणि स्टोरीबोर्ड (चित्रांतून मांडलेला क्रम), गुरुवारी प्रोटोटाइप (चाचणीपुरता नमुना), शुक्रवारी पाच जणांच्या मुलाखती. मूळ पद्धतीत हे पाच दिवस सलग असतात आणि माणसं सातापेक्षा जास्त नसतात. नोकरी सांभाळून सलग पाच दिवस कोणालाच जमत नाहीत, म्हणून आम्ही सुट्ट्या आणि संध्याकाळी मिळून त्याचे तुकडे पाडले. तुकडे पाडण्यात एकच मोठा धोका आहे. मधल्या मोकळ्या वेळात कोणीतरी गुपचूप खरी वस्तू बनवायला घेतो. आपण सगळे हौशी कारागीर. सोल्डरिंग गन गरम झाली की आपल्याला काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. त्यामुळे नियम केला: शेवटची मुलाखत होईपर्यंत कोड नाही, सर्किट नाही.

नकाशाचं काम पटकन आटोपलं. डावीकडे देणारा आणि नेणारा, उजव्या टोकाला ‘वस्तू परत आली’, मधे मागणं, देणं, विसरणं, आठवणं, पुन्हा मागणं. लांबचं उद्दिष्ट लिहिलं: दिलेली वस्तू परत मागायला फोन करावा लागू नये. मग स्प्रिंटचे प्रश्न, म्हणजे हे उद्दिष्ट कशामुळे फसेल. ‘नेणारा स्वतःहून स्टिकर स्कॅन करेल का?’ आणि ‘आठवण पाठवल्याने संबंध बिघडतील का?’ दुसरा प्रश्न कोणीतरी चेष्टेत टाकला होता. तो फळ्यावर राहिला, हे आमचं नशीब.

स्केचच्या दिवशी खोलीत कोणी बोलत नाही, आणि मला ही पद्धत आवडते ती नेमकी यासाठी. आधी टिपणं, मग मनात येईल ते, मग कागदाला घड्या घालून आठ चौकटी पाडायच्या आणि आठ मिनिटांत आठ आवृत्त्या, आणि शेवटी तीन चौकटींचं नीट स्केच, त्यावर नाव नाही. एकत्र बसून कल्पनांचा पाऊस पाडण्यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांना सांगायला एक जुना दाखला आहे. १९५८मध्ये येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी चार-चार जणांचे गट आणि एकेकटी काम करणारी चार-चार माणसं यांची तुलना केली. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या गटांपेक्षा जास्त निघाल्या, आणि वेगळ्याही. आमच्यात एक जण फार छान बोलतो. तो बोलायला लागला की बाकीच्यांच्या कल्पना त्याच्या कल्पनेभोवती फिरायला लागतात. कागदावर मात्र तो आणि बाकीचे सारखेच.

निवडीच्या दिवशी स्केच भिंतीवर लावून आवडलेल्यावर मत म्हणून ठिपके चिकटवले. सगळ्यात जास्त ठिपके पडले हत्यारांच्या बोर्डवर: प्रत्येक खुंटीला सेन्सर, हत्यार उचललं की दिवा लागणार, फोनवर नोंद होणार. दिसायला देखणा. आपल्यासारख्यांना भुरळ घालणारा. त्या संध्याकाळी अर्धे जण सेन्सर कोणता घ्यायचा यावरच बोलत होते.

इथे डिसायडरने, म्हणजे अंतिम निर्णय ज्याचा असतो त्याने, बोर्ड बाजूला ठेवला. कंपनीत हा अधिकार वरिष्ठाकडे असतो; हौशी गटात वरिष्ठ नसतो. आमच्याकडे पुढचे सहा महिने ही कल्पना जो सांभाळणार तो डिसायडर, मग तो सगळ्यात अनुभवी असो वा नसो. त्याचं म्हणणं असं: खुंटीवरचं हत्यार उचललं गेलं हे सेन्सरला कळेल की नाही, हा प्रश्न आधीच सुटलेला आहे. चार चांगले सेन्सर आणि थोडी चिकाटी असली की तो बोर्ड चालतो. स्टिकर मात्र माणूस स्कॅन करेल की नाही, ते आपल्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. चाचणी त्याची घ्यायची. मला त्या क्षणी राग आला होता, कारण माझेही ठिपके बोर्डवरच होते. पण युक्तिवाद बिनतोड होता.

प्रोटोटाइपच्या दिवसासाठी मी जेफ हॉकिन्स यांचं उदाहरण गटाला सांगितलं होतं. १९९६मध्ये पाम पायलट बाजारात आला. त्याआधी हॉकिन्स खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडायचे आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचे. ठोकळा काहीच करत नव्हता, पण एवढी वस्तू खिशात राहते का, ती दिवसातून किती वेळा आणि कशासाठी बाहेर काढावीशी वाटते, ते त्यांना ठोकळ्यानेच सांगितलं.

आमचा ठोकळा म्हणजे चकचकीत लेबल कागदावर छापलेली खरी स्टिकरं आणि फिग्मा या स्क्रीन आखायच्या साधनात जोडलेले काही स्क्रीन. स्कॅन केल्यावर येणारं पान आधीच तयार करून ठेवलेलं. ‘आठवण’ म्हणून जो संदेश येणार, तो शेजारच्या खोलीत बसलेला आमचा माणूस हाताने पाठवणार. यंत्राच्या जागी लपून माणूस बसवण्याची ही युक्ती विझर्ड ऑफ ऑझ या नावाने ओळखली जाते आणि संगणकाच्या जगात ती १९८०च्या दशकापासून रूढ आहे. डेटाबेसची एक ओळही लागली नाही.

एका गोष्टीत मात्र आम्ही काटकसर केली नाही. समोर दिसणारा भाग खरा वाटलाच पाहिजे. कच्चं काम दिसलं की माणूस वापरत नाही, सल्ले द्यायला लागतो: इथला रंग बदला, तिथे बटण मोठं करा. पक्कं दिसलं तरच तो प्रतिक्रिया देतो. म्हणून वस्तूंची नावं खरी घातली, फोटो खरे काढले आणि एका व्यक्तीकडे फक्त सगळे स्क्रीन जुळवण्याचं काम दिलं. रंगीत तालमीत तिनेच पकडलं की ड्रिल मशीन एका स्क्रीनवर १२ तारखेला दिलेली आहे आणि पुढच्यावर १४ला. असा फरक दिसला की समोरच्याचं सगळं लक्ष तिथेच जातं.

मुलाखतीसाठी ओळखीचे लोक घेतले नाहीत. ओळखीचे कौतुक करतात. प्रश्नावलीही अशी ठेवली की आपण कोणाला शोधतोय ते कळू नये: ‘गेल्या तीन महिन्यांत यांतलं काय काय केलंत?’ आणि पुढे बरेच पर्याय, ज्यांत ‘कोणाला वस्तू वापरायला दिली’ हा एक.

पाचच जण का, असं नवीन लोक नेहमी विचारतात. निल्सन आणि लँडॉअर यांनी १९९३मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच झाले की साधारण ८५ टक्के. पुढे प्रत्येक नवा माणूस तेच तेच दाखवत राहतो. पण हा आकडा वापरताना येणाऱ्या अडचणींचा आहे. पाचांतल्या चौघांना आवडलं म्हणून ऐंशी टक्के लोक विकत घेतील, असला अर्थ त्यातून काढायचा नाही. तसा अर्थ काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिसरी मुलाखत एका शिक्षिकेची होती. मुलाखत घेणाऱ्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. स्क्रीनवर होतं: ‘ड्रिल मशीन, २१ दिवस झाले’ आणि खाली बटण, ‘आठवण करून द्या’. त्यांचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच थांबला. बोलणंही थांबलं. मग त्या मागे गेल्या, पुन्हा त्याच स्क्रीनवर आल्या आणि विचारलं, “हे माझ्या नावाने जाणार का?”

“तुम्हाला काय वाटतं?” आमच्या माणसाने विचारलं. (उत्तर न देणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. दुसऱ्या खोलीत व्हिडिओवर बघताना आम्ही ओरडायच्या बेतात होतो.)

त्या म्हणाल्या, “माझ्या नावाने गेलं तर मी मागितल्यासारखं होईल. आणि ऍपच्या नावाने गेलं तर मी तक्रार केल्यासारखं.”

बटण त्यांनी दाबलं नाही. त्यांच्यानंतरच्या दोघांनीही दाबलं नाही, आणि पहिल्याने दाबलं ते ‘बघू काय होतं’ म्हणून. ‘परत कधी’ हा तारखेचा रकानाही एकानेच भरला. त्याचं छोटं वर्कशॉप आहे आणि हत्यारं देणं-घेणं हा त्याच्या धंद्याचाच भाग. बाकीच्यांनी तो असा ओलांडला जणू तो नव्हताच. एक जण तर हसून म्हणाला, “देताना तारीख विचारायची म्हणजे न दिलेलंच बरं.”

चमकलं ते वेगळंच काहीतरी. स्टिकरवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं होतं, निव्वळ रिकामी जागा भरायला. जवळजवळ सगळ्यांनी स्टिकर हातात घेतल्यावर आधी नाव वाचलं, कोड नंतर पाहिला. “रोज कपाट उघडल्यावर हे नाव दिसलं तर मीच नेऊन देईन,” असं एकाने स्वतःहून सांगितलं. आम्ही नकाशावर लक्ष ठेवलं होतं ‘विसरणं ते आठवणं’ या टप्प्यावर. प्रतिक्रियांच्या चिठ्ठ्या फळ्यावर लावल्या, माणसं आडवी आणि प्रोटोटाइपचे भाग उभे, तर चांगल्या प्रतिक्रियांच्या हिरव्या चिठ्ठ्यांची गर्दी सगळी ‘देणं’ या टप्प्याभोवती. चेष्टेत लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, बिघडतील’ असं आलं. स्कॅन होईल का, याचं उत्तर अजून अर्धवटच आहे, कारण आमच्या समोर बसून माणूस काहीही स्कॅन करतो.

पुढची फेरी लहान ठेवतोय. सोमवार ते बुधवारचं काम पुन्हा करायची गरज नाही. आठवणीचं बटण काढून टाकलंय. तारीखही गेली. स्टिकरवर नाव आणखी मोठं, आणि स्कॅन केल्यावर नोंद नेणाऱ्याच्या फोनमध्ये, ‘माझ्याकडे असलेल्या दुसऱ्यांच्या वस्तू’ या यादीत. देणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. स्टिकर या वेळी खोलीत न दाखवता खऱ्या हत्यारांना लावून आठवडाभर घरी द्यायचं ठरतंय. सेन्सरचा बोर्ड एकाने स्वतःच्या घरी सुरू केलाच आहे, तो स्प्रिंटच्या बाहेर.

या वेळी अडलंय ते माणसं शोधण्यावर. आता आपल्याला देणारे नकोत, नेणारे हवेत, आणि ‘लोकांच्या वस्तू परत करायच्या राहून जातात का?’ असं विचारलं तर कोणीही ‘हो’ म्हणणार नाही. सध्याचा मसुदा असा आहे: ‘तुमच्या घरात आत्ता दुसऱ्याची कोणती वस्तू आहे?’ खाली पर्याय न देता मोकळी जागा. गटात करून पाहिलं तर प्रत्येकाने निदान दोन वस्तू लिहिल्या, आणि त्यांतल्या तीन एकमेकांच्याच निघाल्या. यापेक्षा चांगला प्रश्न कोणाला सुचत असेल तर सांगा, प्रश्नावली अजून पाठवलेली नाही.