वहीवर सही नाही तर परीक्षा नाही

मागच्या आठवड्यात इथे जर्मनीत माझी ट्रेनिंगची वही वाचता वाचता आमच्या माइस्टरने, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादाने, माझ्यासमोरच फोन उचलला आणि डिस्पॅचच्या हेडला झापला. मी बाजूला उभा, हातात पेन, तोंड बघण्यासारखं झालेलं.

झालं असं की कंपनीत अर्जंट ऑर्डर होती, माणसं सुट्टीवर, म्हणून मला आणि अजून एका पोराला पॅकिंगला पाठवलेलं. खोकी उघडा, पार्ट भरा, चिकटपट्टी मारा, पॅलेटवर रचा. मला काय त्याचं? कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत अप्रेंटिस होतो तेव्हा ट्रक पण खाली केलेत. तर वहीत जे झालं ते लिहिलं, सोमवारी पॅकिंग, मंगळवारी पॅकिंग, मग शाळेचा दिवस, मग परत पॅकिंग. माइस्टर म्हणाला यावर मी सही कशी करू, यात शिकणं कुठंय. आणि लगेच फोन. म्हणजे डिस्पॅचवाल्यांना आता वाटणार की या इंडियनने चुगली केली, आणि मी तर तक्रारीचा एक शब्द लिहिला नव्हता!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी इथे जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्यात आउसबिल्डुंग करतोय, म्हणजे कंपनी आणि शाळा मिळून अप्रेंटिसशिप, इंडुस्ट्रीमेखानिकरचं, म्हणजे कारखान्यातल्या मेकॅनिकचं, साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी कंपनी. (हो, 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने कुशल कामगार पाठवायचा ज्या राज्याशी करार केला तेच हे. नाही, मी त्या करारातून आलेलो नाही, पुण्यात जर्मन भाषेची बी-वन लेव्हल करून स्वतः अर्ज टाकत आलो, त्यामुळे कुणाची भरती कधी निघणार हे मला विचारू नका.)

तर वही. ही वही माझ्या डोक्यात बसलीय. रोज काय काम केलं, शाळेत काय झालं, सगळं लिहायचं आणि माइस्टरची सही घ्यायची. कायद्यातच आहे ते, वही पूर्ण नसेल, सह्या नसतील तर शेवटच्या परीक्षेला बसूच देत नाहीत. आपल्याला जर्नल माहीतच आहे की. वर्षभर कोरं, सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरचं जर्नल पैदा करायचं, तीन जण मिळून उतरवायचं, डायग्राम ज्याचा हात चांगला त्याने काढायच्या, सर एका दमात सगळ्या पानांवर सह्या ठोकणार. मी त्याच तयारीने आलो होतो. पण इथे हा माणूस वाचतो हो! एकेक ओळ. दुसऱ्या कुणाचं उतरवायचं म्हटलं तर त्याने केलेलं काम वेगळं, माझं वेगळं.

मी एकदा लिहिलं, एम-8 चं टॅपिंग केलं (म्हणजे 8 मिमी बोल्टसाठी भोकात आटे पाडले), ड्रिल 6.8. संपलं. तर विचारतो 6.8 च का. मी शिरोलीत असली भोकं हजारांनी मारली असतील, आमचे मिस्त्री मामा म्हणायचे सहा-आठ लाव, लावायचो. आता जर्मनमधून लिहा की आठ वजा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, 1.25 म्हणजे 6.75, म्हणून 6.8 चं ड्रिल. बरं हे आपल्या आयटीआयच्या थिअरीत नव्हतं असं नाही, व्यवस्थित होतं, मला मार्कही मिळाले होते. पण मशीनवर उभं असताना त्याचा संबंध कुणी लावायला सांगितला नाही आणि मलाही गरज पडली नाही, कारण मामांचं सहा-आठ कधी चुकलं नाही.

आणि हे मी मुद्दाम सांगतो, हाताच्या कामात आपण कुठे कमी नाही. सुरुवातीला इथे सगळ्यांना फायलिंगला, म्हणजे कानस मारायला लावतात, महिनोन् महिने, हाताने घासत बसा. माझ्याबरोबरची पोरं सोळा-सतरा वर्षांची, त्यांनी फाईल पहिल्यांदा धरलेली. माझा जॉब उजेडासमोर धरून राइट अँगल लावला तर फटीतून किरण येईना, माइस्टरने दोनदा फिरवून बघितला आणि विचारलं कुठे शिकलास. कोल्हापूर म्हटलं. त्याला काय कळणार, पण मला बरं वाटलं.

आता मुख्य गंमत. पॅकिंगच्या भानगडीनंतर मी कायदा शोधून वाचला. यांच्या कायद्यात सरळ लिहिलंय, शिकणाऱ्याला शिकण्याच्या कामाचीच कामं द्यायची, त्याच्या अंगाला झेपतील अशी द्यायची, हत्यारं फुकट द्यायची आणि वहीसुद्धा कामाच्या वेळेत लिहू द्यायची. हा कायदा 1969 चा. आपला अप्रेंटिस अॅक्ट 1961 चा! म्हणजे आपला आठ वर्षांनी थोरला. त्यातही प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवायला सांगितलंय, फक्त ती ठेवायची मालकाने. शिरोलीत माझी नोंद असणारच कुठल्या तरी फायलीत, अगदी टापटीप असेल, मी काही ती बघितली नाही. तिथं मी ऑपरेटरची शिफ्ट ऑपरेटरसारखीच मारायचो, हातात स्टायपेंड. पण मालक वाईट होता असं मी म्हणणार नाही, दिवाळीला मिठाई द्यायचा, आणि खरं सांगायचं तर मशीनची भीती माझी तिथेच मेली. इथल्या पोरांना अजून लेथला एकटं सोडत नाहीत. आपल्याकडं पोरगं पाण्यात टाकतात, जगलं तर पोहतं. जी जगत नाहीत त्यांची बोटं जातात, हेही आहेच. आमच्या लाईनला एकाचं गेलेलं.

घरी मात्र हे सांगून उपयोग नाही. काकांचा दर फोनला एकच प्रश्न, अरे आयटीआय झालं, नोकरी होती, मग परत अप्रेंटिसच कशाला? आणि लगेच दुसरा, मिळतात किती. किमान आकडा 2025 ला पहिल्या वर्षासाठी महिना 682 युरो होता, माझे त्याहून बरेच जास्त आहेत, पण काका ते लगेच रुपयांनी गुणतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. खोलीचं भाडं, इन्शुरन्स कापून जातो, ट्रेनचा पास, ते कोण गुणणार. चोवीस वर्षांचा माणूस सतरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसतो तेव्हा काकांचा प्रश्न मलाही पडतो कधी कधी. पण तिथं राहिलो असतो तर आज मशीन सेट करून देणारा सेटर झालो असतो, फार तर. इथे परीक्षा दोन भागांत, पहिल्याचे 40 टक्के, दुसऱ्याचे 60, आणि पास झाल्यावर उद्योगांच्या चेंबरचा कागद मिळतो तो कुठल्याही कंपनीत चालतो. मी हे काकांना समजावतोय की स्वतःला, माहीत नाही.

डिस्पॅचचा हेड परवा कॅन्टीनमध्ये भेटला. मला वाटलं आता ऐकवणार. तर म्हणाला वही नीट लिहितोस म्हणे, आणि पुढे लाईनीत गेला. टोमणा होता की काय ते यांच्या चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही. सध्या मी मिलिंगला आहे, आणि खोकी दुसरं कुणीतरी भरतंय, बहुतेक एजन्सीची माणसं, त्यांना वही नसते.

बाकी, आयटीआयच्या ग्रुपवरचा एक भावा पुढच्या सप्टेंबरच्या बॅचला इकडं येतोय. त्याचा मेसेज आलाय, तुझ्या वहीचे फोटो टाक, सगळी पानं, नीट दिसतील असे. त्याला सांगितलं लेका इथं उतरवून चालत नाही. तो म्हणतो नुसतं रेफरन्सला. टाकीन शनिवारी.