अण्णांचा बॉक्सिंगचा वर्ग

माझे सासरे, अण्णा, पंचाहत्तरीचे. पार्किन्सन्स झाल्यापासून त्यांचं फिरणं सुटलं ते सुटलंच. आम्ही इथून फोनवर रोज सांगायचो, "अण्णा, जरा चालून या." ते "हो हो" म्हणायचे आणि खुर्चीतच बसून राहायचे. हा आळस नव्हे. या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. त्याने हातपाय जखडतात, तशी उमेदही मावळते. मग कितीही कानीकपाळी ओरडा, माणूस उठत नाही.

उन्हाळ्यात ते इकडे अमेरिकेत, इंडियानापोलिसला आले आणि आम्ही त्यांना चक्क बॉक्सिंगला घातलं! रॉक स्टेडी बॉक्सिंग हा खास पार्किन्सन्स झालेल्यांसाठीचा वर्ग याच शहरात २००६ साली सुरू झाला. संस्थापक स्कॉट न्यूमन इथले सरकारी वकील होते. त्यांना चाळिशीतच पार्किन्सन्स झाला. इथे कुणी कुणाला मारत नाही, ठोसे फक्त बॅगेला. शिवाय तोल सांभाळणं, लांब पावलं टाकणं, जमिनीवरून उठणं. ठोशागणिक मोठ्याने आकडे म्हणायचे, कारण या आजारात आवाजही बारीक होत जातो. अण्णा मराठीतच मोजतात, "एक! दोन!" आता शेजारच्या बॅगेवरच्या आजीही त्यांच्यासोबत "दोन!" म्हणून ओरडतात.

एकदा दारातच अण्णांचे पाय जमिनीला चिकटले. मी हात धरायला पुढे होतेय, तोच एका गृहस्थांनी आपला बूट त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवला आणि त्यावरून पाय टाकायला सांगितलं. अण्णांनी पाय उचलला आणि चालू लागले. त्या गृहस्थांचेही पाय असेच अडतात, म्हणून त्यांना हे ठाऊक.

कुणी वर्गाला आलं नाही की बाकीचे फोन करतात. अण्णा आता आम्ही सांगायच्या आधीच बूट घालून तयार असतात, कारण तिथे त्यांची वाट पाहणारी माणसं आहेत. आजार बरा होत नाही, गोळ्या सुटत नाहीत, आणि सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची. पण अण्णा पुन्हा हसायला लागलेत, हे मला फार मोठं वाटतं.

पुण्यातही यासाठी माणसं झटताहेत. तिथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आजार असलेल्यांना ते शुभार्थी म्हणतात. नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग घेतलेत. अण्णा दिवाळीआधी परत जातील. त्यांना मित्रमंडळात न्यायचं माझ्या नणंदेनं अंगावर घेतलंय, आणि शेजारच्या काकांनाही ती सोबत नेणार आहे.